बॉस, जरा आत सरका

दर फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की व्हॉट्सअॅपवर त्याच त्या याद्या फिरायला लागतात. हा इंग्रजी शब्द टाळा, त्याऐवजी हा मराठी वापरा. टेबलाला मेज म्हणा असं सांगणाऱ्याला मेज फारसीतून आलंय याची गंधवार्ता नसते, पण ते सोडा. याद्यांच्या शेपटाला हल्ली पोरांच्या तोंडचे टपोरी इंग्रजी शब्द जोडलेले असतात. ब्रो, ड्यूड, चिल आणि बॉस. त्यातल्या पहिल्या तिघांची वकिली करण्यात मला रस नाही. ज्या वयात ते तोंडात येतात ते वय सरलं की बरेचसे आपोआप गळून पडतात. बॉसचं तसं नाही. मुंबईत तो नुसता पोरांचा शब्द नाही. इंग्रजीचं एक वाक्य न येणारा हमाल तो वापरतो, पेन्शनर वापरतो, रिक्षावाला वापरतो आणि त्याच्या मागे बसलेलाही वापरतो. माझं म्हणणं असं की मराठीनं हा शब्द हाकलायच्या यादीतून काढावा आणि सरळ आपल्या कोशात घ्यावा, मुंबईनं त्याला दिलेल्या अर्थासकट. तो जे काम करतो त्यासाठी आपल्याकडे तयार शब्द नाही.

कुठलं काम, ते लोकलच्या दारात कळतं. संध्याकाळची विरार गाडी दादरहून सुटलेली असते. मागून एक हात खांद्यावर हलकेच टेकतो आणि आवाज येतो, 'बॉस, बोरिवली?' दोनच शब्द, पण प्रश्न पूर्ण आहे. तुम्ही बोरिवलीला उतरणार का, उतरणार असाल तर मी तुमच्या मागे लागतो, नसाल तर मला आताच पुढे होऊ द्या, कारण बोरिवलीला आत चढणाऱ्यांचा लोंढा आला की मग कुणी कुणाचं नाही. उत्तरही तेवढंच. मान हलते, किंवा 'वसई' एवढं येतं, आणि दोन माणसं त्या गर्दीत, कशी कोण जाणे, आपापल्या जागा बदलतात. आत गेलं की 'बॉस, बॅग'. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात जात वरच्या रॅकवर पोचते. कुणाची, कुठल्या कापडाची, डब्यात काय, कुणी विचारत नाही. मग 'बॉस, जरा आत'. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, अर्धा अंगानं बाहेर. ही चौथी सीट रेल्वेच्या कुठल्याच नियमात नाही, पण ती नाकारणारा माणूस त्या डब्यात टिकत नाही. हे सगळं बोलणाऱ्यांत एक बँकेत अधिकारी असतो, एक झवेरी बाजारात कारागीर, एक कुठल्याशा ऑफिसात शिपाई. कोण कुणाला बॉस म्हणाला हे दोघांनाही ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसणं हाच त्या शब्दाचा उपयोग आहे.

आता तिथे दुसरी हाक घालून बघा. 'काका' म्हणालात तर पंचेचाळिशीतला माणूस केसांवर केलेला खर्च वाया गेल्यासारखा बघतो. 'साहेब' म्हटलं तर टोमणा वाटतो. 'भाऊ' आणि 'दादा' चांगले आहेत, मीही वापरतो, पण समोरच्याला मराठी येत नसेल तर हाक मारण्याआधी आपण कोण हे जाहीर करून टाकल्यासारखं होतं, आणि अलीकडच्या हवेत तेवढंही भांडणाला पुरतं. 'ए' म्हटलात तर पुढचं स्टेशन येईपर्यंत डब्याला फुकटचा तमाशा. राहता राहिलं 'अहो'. सभ्य आहे, आदराचं आहे, पण त्या गोंगाटात 'अहो' कुणाला हे कुणालाच कळत नाही, आणि ज्याला सरकायचं नसतं त्याला तर मुळीच कळत नाही.

आपल्या नात्याच्या हाका गोड आहेत याबद्दल वाद नाही. परक्याला काका, मावशी, ताई म्हणणारी भाषा कोरडी नव्हे. पण शहरात या हाका दुसरंही एक काम करत असतात. प्रत्येक हाक समोरच्या माणसाचं वय, प्रांत, धर्म आणि खिसा यांचा अंदाज घेते आणि तो अंदाज मोठ्यानं बोलून दाखवते. दाढी दिसली की चाचा. पांढरी लुंगी दिसली की अण्णा. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला शेठ, हातात दंडाची पावती असलेला मामा. भय्याचं तर विचारू नका. भय्या म्हणजे भाऊ, उत्तरेत घरातल्या थोरल्या भावाला म्हणतात तो शब्द. मुंबईनं आधी त्याला धंदा चिकटवला, दूधवाला भय्या, भेळवाला भय्या. मग धंदा गळला आणि नुसता भय्या राहिला. मग 'भय्ये' असं अनेकवचन झालं, आणि ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी त्यातला भाऊ संपला. आज दादर-पार्ल्यातली सुसंस्कृत माणसं रिक्षावाल्याला 'भैया' म्हणतात तेव्हा त्यांना आपण अदबीनं बोलतोय असं मनापासून वाटत असतं. कधीतरी तो रिक्षावाला साताऱ्याचा निघतो आणि आरशातून बघत म्हणतो, 'मराठीत बोला की, मी काय भय्या आहे का?' दोघंही दुखावलेले, आणि ज्याच्यावरून दुखावले तो तिसरा माणूस तिथे हजरही नाही.

बाई या शब्दाचं याहून वाईट झालं. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्या नावातला आदर ज्या शब्दात होता, मराठी शाळेत ज्या शब्दानं आम्ही शिक्षिकेला हाक मारली, तोच शब्द आज सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'आज आमची बाई आली नाही' असा ऐकू येतो. शिक्षिका 'टीचर' आणि 'मिस' झाल्या, आणि बाई धुणीभांडी करायला उरली. शब्दाचा मान कुणी काढून घेतला? इंग्रजीनं नव्हे. आपणच.

बॉसच्या इतिहासाकडे वळायचं तर तोही काही सोवळा नाही. इंग्रजीत तो डचांकडून आला. डच भाषेतला 'बास' म्हणजे धनी, मालक, कारागिरांवरचा मुख्य. आज जिथे न्यूयॉर्क आहे तिथे 1664 पर्यंत डचांची वसाहत होती, नाव न्यू ॲम्स्टरडॅम. इंग्रजांनी ती घेतली, डच सरकार गेलं, पण कुकी, सांताक्लॉज आणि बॉस मागे राहिले. (सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही डचांची वखार होती. तेव्हा बॉस हा मूळचा मालवणी शब्द आहे असं सिद्ध करणारा फॉरवर्ड कधीतरी येईलच. आला तर पुढे पाठवू नका.) त्या डच शब्दाच्याही मागे काय होतं यावर एकमत नाही. एक तर्क त्याला जुन्या जर्मन भाषेतल्या आत्यावाचक शब्दाशी जोडतो, म्हणजे 'बास'चा पहिला अर्थ काका-मामा असा काहीतरी असावा. पुष्कळ अभ्यासक तो तर्क मानत नाहीत.

अमेरिकेत या शब्दाला जो बहर आला त्याचं कारण शुद्ध स्वाभिमान. गोऱ्या मजुरांना आपल्या धन्याला 'मास्टर' म्हणायचं नव्हतं, कारण मास्टर म्हणायचं ते गुलामांनी. आम्ही स्वतंत्र देशाचे नागरिक, आम्ही पगार घेतो, आम्हाला मास्टर नाही. मग धन्याला म्हणायचं काय? तर बॉस. जेम्स फेनिमोर कूपर या कादंबरीकारानं 1838 साली यावर नाक मुरडलं. त्याचं म्हणणं, मास्टर नको म्हणून हे लोक बॉस म्हणतात, पण त्या डच शब्दाचा अर्थ तर तोच आहे! कूपर जमीनदाराच्या घरातला होता, मजुरांनी तोंड वर करून बोलावं हे त्याला रुचत नव्हतं, पण नेम त्याचा अचूक बसला. शब्द बदलला, धनी तोच राहिला. आणि स्वातंत्र्याच्या या शब्दाच्या पायाशी गुलाम होतेच, कारण त्यांच्याहून आपण वेगळे हे दाखवायलाच तर तो हवा होता.

पुढे त्याच न्यूयॉर्कमध्ये विल्यम ट्वीड नावाचा पुढारी झाला. टॅमनी हॉल या राजकीय संघटनेच्या जोरावर त्यानं शहराची तिजोरी धुऊन काढली, आणि लोक त्याला 'बॉस ट्वीड' म्हणत. 1878 मध्ये तो तुरुंगातच मेला. राजकारणातला बॉस म्हणजे पद नसलं तरी सगळे ज्याच्या दारात, हा अर्थ तेव्हापासून पक्का झाला. तो अर्थ समजावून सांगायची गरज महाराष्ट्रातल्या वाचकाला नाही.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला हाच डच शब्द फार भयानक वाढला. तिथे काळ्या मजुराला गोऱ्याला 'बास' म्हणावंच लागे, मग तो गोरा चार वर्षांचं पोर का असेना. 1954 ते 1958 या काळात पंतप्रधान असलेले स्ट्रायडम गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या धोरणाला उघडपणे 'बासकाप' म्हणत. सरळ भाषेत, धनीपणा. अमेरिकेच्या टेक्सासमधल्या तुरुंगात कैद्यांनी पहारेकऱ्याला बॉसच म्हणायचं असा रिवाज होता. कैदी म्हणत, पण आपापसात त्याची फोड वेगळी सांगत. बी, ओ, एस, एस ही अक्षरं उलटी वाचली की इंग्रजीतल्या एका सणसणीत शिवीची आद्याक्षरं होतात. ती फोड अर्थातच नंतर रचलेली, व्युत्पत्ती म्हणून शून्य किमतीची, पण माझ्या मते सगळ्या शब्दकोशांहून जास्त सांगणारी. ज्याला शब्द सक्तीनं म्हणावा लागतो तो त्याच्या आत आपला अर्थ लपवतो.

इंग्रजीत बाकीचे बॉसही पुष्कळ आहेत. लिव्हरपूलमध्ये छान गोष्टीला बॉस म्हणतात. जुन्या ब्रिटिश बोलीत नेम चुकला तर तो 'बॉस शॉट'. अमेरिकन शेतकरी गाईला 'बॉसी' अशी हाक घालत, तिचा या बॉसशी संबंध नाही. व्हिडिओ गेममध्ये पातळीच्या शेवटी उभा राहणारा राक्षस तो बॉस, आणि आपल्या घरातल्या आठवीतल्या मुलाला बहुधा तोच बॉस सगळ्यात आधी भेटलेला असतो. एक बॉस तर साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये रोज मशीनवर चढतो. ओतीव भागावर जिथे बोल्ट बसायचा असतो तिथे पृष्ठभागापेक्षा जरा उचललेला गोल उंचवटा ठेवतात, त्याला बॉस म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ कुबड किंवा फुगवटा; ढालीच्या मधोमध असतो तो फुगाही बॉसच. डच धन्याचं आणि या फुगवट्याचं काही नातं नाही. तरी ड्रॉइंग हातात घेऊन 'बॉस अर्धा मिलिमीटर जास्त झालाय' असं कुणी म्हणालं की गाळ्यात हशा ठरलेला.

आता मुंबईनं काय केलं ते बघा. शब्द समाजात वर-खाली सरकत असतात, आणि त्यांची दिशा बहुतेक वेळा एकच असते, सोबतीकडून सत्तेकडे. साहेब हा अरबी शब्द. मूळ अर्थ सोबती. पैगंबरांचे सोबती ते सहाबा, शब्दाचं मूळ तेच. तो सोबती फारसीतून हिंदुस्थानात येईपर्यंत धनी झाला, मग गोरा साहेब झाला, मग कलेक्टर साहेब, आणि आता वाढदिवसाच्या बॅनरवर हात जोडून उभा आहे. दादा म्हणजे थोरला भाऊ. त्याची दादागिरी झाली. भाईचं दुःख तर खास आमचं. शेतकरी कामगार पक्षात कॉम्रेडऐवजी एकमेकांना 'भाई' म्हणायची पद्धत होती. भाई उद्धवराव पाटील, भाई गणपतराव देशमुख ही नावं घेताना त्यात बंधुत्व होतं, साधेपणा होता. त्याच शब्दाला मुंबईच्या गल्ल्यांनी खंडणीचा वास लावला. खुद्द कॉम्रेड म्हणजे मूळ स्पॅनिशमध्ये खोलीतला जोडीदार. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गडी शब्दशः कॉम्रेड होते, पण तिथेही नेता झाला की तो 'साहेब' होई.

म्हणजे आम्ही भाऊ, दादा, सोबती असे चांगले शब्द घेतले आणि त्यांना सिंहासनावर बसवलं. बॉस हा एकटा उलट चालला. ज्याचा अर्थच धनी, जो काळ्या मजुरांकडून आणि कैद्यांकडून सक्तीनं वदवून घेतला गेला, तो शब्द या शहरात चौथ्या सीटवर येऊन टेकला. 'नाही बॉस, हे जमायचं नाही.' 'बॉस, मानलं तुला.' 'काय बॉस, दिसला नाहीस बरेच दिवस.' यातल्या एकाही वाक्यात कुणी कुणाचा धनी नाही. उलट खरा धनी, ऑफिसातला, त्याला तोंडावर कुणी बॉस म्हणत नाही. त्याला सर म्हणतात, नव्या धर्तीच्या ऑफिसात पहिल्या नावानं हाक मारतात, आणि बॉस म्हणतात ते तो केबिनमध्ये गेल्यावर.

टीव्हीनं मात्र हाच प्रवास परत उलटा करून दाखवला. 1999 मध्ये हॉलंडमध्ये एक कार्यक्रम सुरू झाला, माणसं एका घरात कोंडायची आणि चोवीस तास कॅमेरे. नाव 'बिग ब्रदर', म्हणजे थोरला भाऊ, जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या '1984' कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा. भारतात 2006 मध्ये तो हिंदीत आला, 2018 मध्ये मराठीत, आणि इथे त्याचं नाव झालं 'बिग बॉस'. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण भारतीय कानाला थोरला भाऊ म्हटल्यावर धाक वाटला नसता, हे खरंच. डचांचा कार्यक्रम, डचांचाच शब्द, आणि घरातल्या कुणाला न दिसणारा तो आवाज 'बिग बॉस आदेश देत आहेत' म्हणतो तेव्हा तो जुना बास पुरता परत आलेला असतो.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येणार, आणि पहिला ठरलेला आहे. शब्द परका आहे, मराठी काय मेली आहे का? यावर शिवकाळाचं उदाहरण बोलकं आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी पदनामांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, पेशव्याचा मुख्य प्रधान. हेतू थोर होता, आणि सचिव, अमात्य आजही टिकून आहेत. पण पुढची शंभर वर्षं पुण्यात राज्य कुणी केलं असं विचारलं तर सगळा महाराष्ट्र पेशव्यांनी असंच सांगतो. विसाव्या शतकात सावरकरांनी दिलेला महापौर रुळला, आज मुंबईत मेयर म्हणणारा विरळा. पद, कागद, पाटी यांचे शब्द ठरवून बदलता येतात, आणि जिथे येतात तिथे जरूर बदलावेत. पण माणूस माणसाला हाक मारतो तो शासन निर्णय वाचून मारत नाही. आणि परकेपणाचाच हिशेब मांडायचा तर 'बॉस, जरा सरका' यातला 'जरा' अरबीतून आला आहे. मग डब्यात काय म्हणायचं, नुसतं 'सरका'?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. ही समता फुकाची आहे, शब्दानं कुणाचं पोट भरतं? मान्य. कूपर तेच तर म्हणत होता. हमालाला बॉस म्हटल्यानं त्याच्या डोक्यावरचं ओझं एक किलोनंही कमी होत नाही. किंबहुना गोड शब्दांचा वापर करून माणसाला त्याच्या हक्काबाहेर ठेवण्याचं तंत्र आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. दारात जेवण घेऊन येणाऱ्या पोराला कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. नफ्यात भाग नाही, दर ठरवताना आवाज नाही, पावसात गाडी घसरली तर दवाखाना ज्याचा त्याचा. पण नाव भागीदार, कारण नोकर म्हटलं तर नोकराचे हक्क द्यावे लागतील. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं अशा कामगाराची व्याख्या केली तीही मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा अशीच. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यातून काही सुरक्षा त्यांच्या पदरात पडेल ती पडो. सांगायचा मुद्दा असा की पार्टनर हा शब्द वरून खाली टाकलेला आहे. तो ज्याच्यासाठी केला त्यानं तो मागितला नव्हता. बॉस वरून आला नाही. तो कुणाच्या अटी-शर्तींत छापलेला नाही. ज्यांच्यात देण्याघेण्याचा काही संबंध नाही अशी दोन माणसं तो एकमेकांना देतात, आणि बदल्यात फक्त सहा इंच जागा मागतात. म्हणून या दोन शब्दांना एका तागडीत घालू नये.

तरी या आक्षेपातला एक काटा माझ्या बाजूलाही बोचतो. लोकलमध्ये बॉस म्हणणारे आपण इमारतीच्या फाटकात शिरलो की हाका बदलतात. वॉचमनला 'ए वॉचमन', कचरा नेणाऱ्याला तर हाकच नाही, त्याच्याशी बोलायची वेळ आली तर बेल आणि बोट. गर्दीत सगळे सारखे असतात तेव्हा बॉस म्हणणं सोपं. जिथे कोण कोण आहे हे माहीत असतं तिथे आपली जीभ जड होते. हा दोष शब्दाचा नाही, पण शब्दाची बाजू घेणाऱ्यानं तो झाकूही नये.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरं उत्तर नाही. बॉस हा पुरुषांचा पुरुषांतला शब्द आहे. लेडीज डब्यात तो फारसा ऐकू येत नाही. तिथे ताई, दीदी, मावशी, आणि जिला मावशी म्हटलं ती रागावली की मॅडम. मॅडमनं सुटका होते, पण त्यात एक पायरी आहेच. भाजीची टोपली घेऊन वसईहून येणाऱ्या बाईला कुणी मॅडम म्हणत नाही, आणि तिनं दुसरीला म्हटलेलं मात्र सगळ्यांना साहजिक वाटतं. अनोळखी बाई पुरुषाला बॉस म्हणाली तर तो जरा दचकतो, आणि पुरुषानं बाईला म्हटलं तर ती त्यात थट्टा शोधते, तिचं चुकतही नाही. इंग्रजीतही हा घोळ आहेच. पुरुष हुकूम सोडतो तेव्हा तो बॉस, मुलीनं सोडला की ती 'बॉसी'. 2014 मध्ये अमेरिकेत फेसबुकच्या तेव्हाच्या वरिष्ठ अधिकारी शेरिल सँडबर्ग यांनी गर्ल स्काउट्स संघटनेला सोबत घेऊन मुलींना बॉसी म्हणणं बंद करा अशी मोहीमच काढली होती. त्याच सुमाराला 'गर्लबॉस' हा शब्द कौतुकानं मिरवू लागला आणि काही वर्षांत टिंगलीचा झाला. व्याकरणाची अडचण मराठीत नाही. 'माझी बॉस रजेवर आहे' हे आपण सहज बोलतो, 'बॉस आली' यावर कुणी अडत नाही. कॉलेजच्या मुली एकमेकींना बॉस म्हणताना मी रोज ऐकतो, आणि त्यांच्या तोंडी तो आमच्याइतकाच सहज असतो. या मुली नोकरीला लागून लेडीज डब्यात चढतील तेव्हा तो शब्द बरोबर नेतील की दारातच सोडून ताई-मावशीवर येतील, हे बघायचं.

मुंबईत मराठी टिकवायची तर ती बाहेरून आलेल्यांच्या तोंडी घालावी लागेल, याबद्दल आता फारसा मतभेद उरलेला नाही. 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, 2025 मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून एवढा गदारोळ होऊन सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. या सगळ्यात भाषा शिकवायची कशी यावर जेवढं बोलायला हवं होतं तेवढं कुणी बोललं नाही. अमराठी प्रौढांसाठी चालणाऱ्या वर्गांत पहिला धडा बहुधा 'माझे नाव अमुक आहे, मी तमुक ठिकाणी राहतो' असा असतो. हे वाक्य मुंबईत आयुष्यभरात किती वेळा लागतं? लागतं ते 'बॉस, जरा सरकता का', 'ताई, ही गाडी ठाण्याला थांबते ना', 'भाऊ, सुट्टे आहेत का' हे. पहिला धडा हाकांचा असावा. कुणाला अहो म्हणायचं, कुणाला अगं म्हणायचं नाही, भय्या का म्हणू नये, बाई कधी आदराचं असतं आणि कधी नाही. त्यात बॉस पहिल्या पाचांत यावा, कारण शिकणाऱ्याला तो आधीच येतो आणि त्याच्यामागे मराठी क्रियापद जोडलं की त्याचं पहिलं मराठी वाक्य त्याच दिवशी तयार होतं. शिकवणाऱ्यानं तिथे त्याला थांबवून 'बॉस नव्हे, महोदय म्हणा' असं सांगितलं, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी वर्गाला येणार नाही. डब्यात मात्र तो रोज येईल, आणि आपल्याशी हिंदीत बोलेल.